श्वास जास्त म्हणजे प्राणवायू जास्त?

साक्रीजवळच्या भामेर किल्ल्याचा चढ चढताना धाप लागते, ती अंगातला प्राणवायू संपत आल्यामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त त्या वेळीही प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. स्नायू जितका जादा कार्बन डायऑक्साइड तयार करतात तितका तो बाहेर पडावा, अशा बेताने श्वास वाढत जातो.

हा वायू म्हणजे निव्वळ टाकाऊ विष, हेही खरे नाही. तो रक्तातील पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल बनवतो, आणि रक्ताचा सामू, म्हणजे आम्लता व अल्कता दाखवणारा अंक, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे बरेचसे काम त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. ते वाढले की मेंदूच्या तळाशी असलेले मस्तिष्कपुच्छ श्वास वाढवते, घटले की मंदावते. मूत्रपिंडांना ज्या दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस लागतात, ती श्वास काही मिनिटांत करतो.

म्हणूनच घाबरलेल्या, जोरजोरात श्वास घेणाऱ्या माणसाभोवती जमलेले लोक ‘आणखी मोठा श्वास घे’ म्हणतात तेव्हा त्याचा त्रास वाढतो. त्याच्या रक्तात प्राणवायूची भर पडायला फारशी जागाच नसते. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून चक्कर येते, ओठांभोवती मुंग्या येतात आणि बोटे आखडतात. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपायही आता सुचवला जात नाही, कारण मूळ दुखणे हृदयविकाराचे किंवा दम्याचे असल्यास तो जिवावर बेतू शकतो.

प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत आहे, ही समजूत तर योगाच्याच एका अभ्यासकाने खोडून काढली. खानदेशात अमळनेरला अध्यापन केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून श्वासाची मोजमापे घेतली आणि प्राणायामात प्राणवायू अधिक मिळतो हा दावा नाकारला. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचे हे धैर्य मोठे होते.

सर्वांत घातक गैरसमज मधुमेहाच्या बाबतीत होतो. इन्शुलिन फारच कमी पडले की रक्तात किटोन नावाची आम्ले साचतात आणि ती आम्लता उतरवण्यासाठी शरीर खोल, भरभर श्वास घेऊ लागते. फुप्फुसे धडधाकट असूनही घरच्यांना तो दमा वाटतो. अशा रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, तर वाफारा देत बसण्यापेक्षा त्याला तत्काळ रुग्णालयात हलवावे लागते.