७३७ मॅक्सचा धडा : उपाय आदल्या दिवशीच सापडला, नोंदवहीत मात्र उतरला नाही

विमान सुटायला उशीर झाला आणि ‘तांत्रिक कारण’ एवढंच सांगितलं की प्रवासी वैतागतात. साहजिकच आहे. पण या दोन शब्दांमागे काय दडलेलं असू शकतं, हे इंडोनेशियातल्या लायन एअरच्या अपघातातून कळतं.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी सकाळी जकार्ताहून उडालेलं बोइंग ७३७ मॅक्स काही मिनिटांतच जावा समुद्रात कोसळलं. १८९ जणांचा जीव गेला.

एमकॅस म्हणजे काय?

मॅक्सची इंजिनं जुन्या ७३७ पेक्षा मोठी. ती पंखांवर थोडी पुढे आणि वर बसवावी लागली. त्यामुळे ठराविक परिस्थितीत विमानाचं नाक जास्त वर जाण्याचा धोका होता. नाक प्रमाणाबाहेर वर गेलं तर पंखांना हवेचा आधार मिळत नाही. म्हणून ‘एमकॅस’ हे सॉफ्टवेअर बसवलं. ते शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक आपोआप खाली आणायचं.

नाकाजवळ कोन मोजणारे दोन सेन्सर होते, पण एमकॅस एका वेळी एकावरच भरवसा ठेवायचं. आणि असं काही सॉफ्टवेअर आहे, हे पायलटांच्या माहितीपुस्तिकेत नव्हतंच.

आदल्या दिवशी काय झालं?

अपघाताच्या आदल्या दिवशी बालीत याच विमानाचा डावा सेन्सर बदलला. दुरुस्त करून आलेला हा सेन्सर तब्बल २१ अंशांनी चुकीचा कोन दाखवत होता. बसवताना ते लक्षात आलं नाही.

त्या रात्री बाली-जकार्ता उड्डाणात विमानाने नाक खाली घालायला सुरुवात केली. कॅप्टनने शेपटीचा पंख फिरवणाऱ्या मोटरचे स्विच बंद केले आणि हाताने चाक फिरवून विमान सांभाळलं. सगळे सुखरूप उतरले.

इथेच घात झाला. वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, हे नोंदवहीत लिहिलं गेलं. स्विच बंद करावे लागले आणि धोक्याचा इशारा देत कंट्रोल कॉलम सतत थरथरत होता, हे लिहायचं राहिलं. मेकॅनिकनी लिहिलं होतं तेवढंच तपासलं. सकाळच्या पायलटांना काहीच ठाऊक नव्हतं. वीसहून अधिक वेळा एमकॅसने नाक खाली दाबलं, पायलट ते वर उचलत राहिले आणि शेवटी हरले.

मग बदललं काय?

१० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्सही पडलं. १५७ जण गेले. तिथे पायलटांनी स्विच बंद केले होते, पण विमानाचा वेग इतका वाढला होता की हाताने चाक फिरेना. त्यानंतर जगभर मॅक्स जमिनीवर आली. भारतात २०२१ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा परवानगी मिळाली. आता एमकॅस दोन्ही सेन्सर ताडून पाहतं, ते जुळले नाहीत तर गप्प बसतं आणि पायलटांना सिम्युलेटरवर खास प्रशिक्षण घ्यावं लागतं. गोव्यातल्या मोपाहून उडणारी अकासा एअरची विमानं याच सुधारित मॅक्स प्रकारची आहेत.

इंडोनेशियाच्या तपास अहवालाने एकावरच खापर फोडलं नाही, नऊ कारणं मांडली. डिझाइन, दुरुस्ती, प्रशिक्षण आणि नोंद यांपैकी एक जरी कडी घट्ट असती, तरी अनर्थ टळू शकला असता.

म्हणून पुढच्या वेळी ‘तांत्रिक कारणाने उशीर’ ऐकलं, तर वैताग येणारच. पण नोंदवहीतली एक ओळ कोणीतरी नीट वाचतोय म्हणून उशीर होत असेल, तर तो परवडला.