गप्पांची शिस्त

१९६५ साली नोम चॉम्स्की यांनी बोलणाऱ्याचे भाषाज्ञान आणि त्याचे प्रत्यक्ष बोलणे यांच्यामध्ये रेघ ओढली. अडखळणे, विसरणे, अर्ध्यावर सोडलेली वाक्ये हे सारे रेघेच्या पलीकडे गेले. गंमत अशी, की त्याच सुमारास कॅलिफोर्नियात हार्वी सॅक्स हा तरुण समाजशास्त्रज्ञ नेमके हेच पलीकडचे टेपवर पुन्हा पुन्हा ऐकत होता. लॉस एंजेलिसच्या आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात फोन उचलणारा आधी स्वतःचे नाव सांगे. बहुतेक वेळा समोरचाही मग आपले नाव देई. एकाने मात्र ‘ऐकू येत नाही’ म्हटले. कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितले, त्याने ते उच्चारून पाहिले, आणि एवढ्यात स्वतःचे नाव सांगण्याची जागा निघून गेली. त्याला खरोखर ऐकू आले नव्हते का, यात सॅक्स अडकला नाही. त्या जागी त्या वाक्याने काय साधले, एवढेच त्याने पाहिले. माझ्या मते संभाषणाच्या या अभ्यासशाखेची सारी कमाई त्या ‘जागे’त आहे.

याचा पुरावा सॅक्सचा सहकारी इमॅन्युएल शेग्लॉफ याच्या १९६८च्या लेखात मिळतो. फोनवर पहिला शब्द उचलणाऱ्याचा, हा त्याचा नियम सुमारे ५०० संभाषणांत टिकला. फक्त एकात फोन उचलल्यावर सेकंदभर शांतता पसरली आणि करणाराच ‘हॅलो’ म्हणाला. एक अपवाद कुणीही सोडून दिला असता. शेग्लॉफने नियमच नव्याने मांडला: घंटी ही हाक आहे, ओ मिळाली नाही म्हणून करणाऱ्याने पुन्हा हाक मारली. १९७४ साली गेल जेफरसनसह तिघांनी पाळीपाळीने बोलण्याची व्यवस्था मांडली. पुढच्याच वर्षी सॅक्स अपघातात गेला. त्याची व्याख्याने ग्रंथरूपाने यायला १९९२ उजाडले.

आक्षेप साहजिक होता: ही तर अमेरिकी रीत, चार मराठी माणसे जमली की सगळे एकदमच बोलतात! पण १९७४च्या मांडणीत एकदम बोलण्यालाही जागा आहे. समोरच्याचे वाक्य आता संपणार, हा अंदाज दोघांनी एकाच क्षणी बांधला की ते एकमेकांवर आदळतात, आणि बहुधा एक जण लगेच गप्प होतो. २००९मध्ये दहा भाषांतली हो-नाहीची प्रश्नोत्तरे तपासली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर सरासरी सुमारे ०.२ सेकंद भरले. जपानी सर्वांत चपळ, डॅनिश सर्वांत संथ. तरी प्रत्येक भाषेची सरासरी एकूण सरासरीच्या सुमारे पाव सेकंद अलीकडे-पलीकडेच. चित्र पाहून एक शब्द उच्चारायलाही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, म्हणजे उत्तराची जुळवाजुळव प्रश्न संपण्याआधीच सुरू होत असणार. एवढ्या दूरदूरच्या भाषांत हे जुळत असेल तर निव्वळ अमेरिकी शिष्टाचाराचे कारण पुरत नाही. आक्षेपाचा एक भाग मात्र उरतोच: त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती, आणि मांडणी जुळेल असे मानणे म्हणजे मराठी कट्ट्यावरचे बोलणे सेकंदाच्या हिशेबात मोजून पाहणे नव्हे.