पायांना मुंग्या येतात तेव्हा : आधी तपासणी, मग गोळी

दोन वर्षांपूर्वी माझ्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला मुंग्या येणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण या मुंग्या पाय मोकळे केल्यावर जाईनात. रात्री अंथरुणात तळव्यांची आग व्हायची, आणि अनवाणी चालताना पायात पातळ मोजे आहेत की काय असे वाटायचे. मंडळाच्या कोजागरीला ही गोष्ट सहज बोलून गेलो, तर आटीव दुधाचा पेला संपायच्या आत मला चार उपचार सुचवले गेले. एकाने बी-कॉम्प्लेक्सची बाटली सांगितली, दुसऱ्याने भारतातून आणलेल्या कॅप्सूल देऊ केल्या, तिसरे म्हणाले स्पिरुलिना घ्या. चौथ्या काकू म्हणाल्या, "अरे, चाळिशी उलटली की होतंच हे!"

त्यातली एक बाटली मी आणलीही आणि तीन आठवडे गोळ्या घेतल्या. आज मागे वळून पाहताना वाटते, ती माझी पहिली चूक. चूक गोळी घेण्यात नव्हती, ती तपासणीच्या आधी घेण्यात होती. माझ्या नावाआधीचा 'डॉ.' इंजिनिअरिंगचा आहे, वैद्यकाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा पुढचे सारे वाचून आपल्या डॉक्टरांना चार नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तार आणि तिचे वेष्टन

मेंदू आणि मज्जारज्जू ही मुख्य यंत्रणा धरली, तर तिथून हातापायांच्या टोकापर्यंत जाणारे मज्जातंतू म्हणजे तिच्या तारा. या तारा बिघडणे म्हणजे पेरिफेरल न्यूरॉपथी. यांतल्या जाड तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. त्याच्या जोरावर संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावतो. वेष्टन झिजले की संदेश मंदावतो, आणि आतली तारच सुकू लागली की तो क्षीण होतो.

कंबरेजवळच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. एवढ्या लांबीला पोसणारी पेशी मात्र मणक्यापाशी असते. म्हणून साखर, दारू किंवा जीवनसत्त्वाची कमतरता अशा सर्वांगाला लागणाऱ्या कारणांनी बहुधा सर्वांत लांब तारा आधी बिघडतात. दोन्ही पायांची बोटे आधी बधिर होतात, मग बधिरपणा वर सरकतो, आणि तो गुडघ्याजवळ येईपर्यंत हातांच्या बोटांनाही सुरुवात होते. एकाच हाताला किंवा एकाच पायाला मुंग्या येत असतील तर प्रश्न वेगळा. तिथे नस दबलेली असण्याची शक्यता अधिक.

कारणे अनेक, आणि कधी एकाहून अधिक

अमेरिकेत या विकाराचे सर्वांत मोठे कारण मधुमेह आहे. त्याखेरीज थायरॉइडचे आणि मूत्रपिंडाचे विकार, अति मद्यपान, कॅन्सरवरची काही औषधे, रक्तातील काही विकृत प्रथिने, आनुवंशिक दोष अशी लांबलचक यादी आहे. आपल्या लोकांच्या बाबतीत मात्र मधुमेहाच्या शेजारी आणखी एक नाव ठळक लिहायला हवे. ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ४४१ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग असे त्यांचे तीन गट होते. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते! ज्या घरांतून आपल्यापैकी बहुतेकजण इथे आलो, त्याच घरांचा हा आकडा आहे. शाकाहार हे त्यामागचे एक मोठे कारण.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते सूक्ष्म जिवाणू बनवतात, आणि प्राण्यांमार्फत ते मांस, मासे, अंडी व दूध यांत उतरते. प्रौढ माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम पुरते, म्हणजे मिठाच्या एका कणाहूनही कमी. पण मायलिनची देखभाल त्यावर अवलंबून असते. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे आवक घटली तरी बरीच वर्षे काहीच जाणवत नाही. बँकेत शिल्लक असताना पगार थांबल्याचे लक्षात येऊ नये, तसा हा प्रकार.

ताटापासून रक्तापर्यंत

पोटात गेलेले सगळे बी-१२ रक्तात पोचतेच असे नाही. आधी जठरातले आम्ल ते अन्नातून सुटे करते. मग जठरातच तयार होणारे इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचे प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेते आणि तिथे ते शोषले जाते. ही साखळी कुठेही तुटू शकते. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्यांनी आम्ल कमी होते. काहींचे शरीर इंट्रिन्सिक फॅक्टरवरच हल्ला करते. जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असू शकते. आणि मधुमेहावरचे अतिपरिचित औषध मेटफॉर्मिन आतड्यातल्या शोषणात अडथळा आणते.

आता माझा हिशेब मांडतो. जन्मापासून शाकाहारी, सहा वर्षे मेटफॉर्मिन, तीन वर्षे आम्लपित्ताची गोळी. साखळीच्या तीन कड्यांवर मी स्वतःच घाव घालत होतो, आणि दोष मात्र खुर्चीला देत होतो.

कोणत्या तपासण्या, आणि त्या कशा वाचायच्या

डॉक्टरांनी प्रथम साध्या वस्तू वापरल्या. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि कंप कधी थांबला ते विचारले. माझ्या मते तो थांबला होता, त्यांच्या बोटांना तो अजून जाणवत होता. नायलॉनच्या बारीक तंतूने तळवा टोचून पाहिला. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहिली. या पाच मिनिटांत जे कळते ते कोणत्याही महागड्या यंत्राआधी कळायला हवे.

त्यानंतर रक्त. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वाधिक उपयोगी ठरणाऱ्या रक्ततपासण्या तीन : साखर, बी-१२ आणि त्यासोबत मिथाइलमॅलॉनिक ॲसिड, व रक्तातील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस. यांच्या जोडीला रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड यांच्या तपासण्या साधारणपणे होतात.

माझी साखर आटोक्यात होती. बी-१२ आले २६८ पिकोग्रॅम. प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे 'नॉर्मल' छापले होते. इथेच बरेचजण फाइल बंद करतात. सर्वसाधारणपणे २०० च्या खाली कमतरता आणि ३०० च्या वर पुरेसे मानतात. मधला पट्टा संशयाचा. त्यातून मी तीन आठवडे गोळ्या घेतलेल्या, म्हणजे तो आकडाही फुगलेला असणार. डॉक्टर म्हणाले, साखर इतकी चांगली असताना मुंग्या वाढतात कशा? आणि त्यांनी मिथाइलमॅलॉनिक ॲसिड मोजायला सांगितले.

सॉफ्टवेअरवाल्याला ही चाचणी लगेच पटते. बी-१२ चा आकडा म्हणजे गोदामात माल किती ते सांगणारा. मिथाइलमॅलॉनिक ॲसिड सांगते की कारखाना चालू आहे का. पेशींना बी-१२ कमी पडले की हे ॲसिड पुढे न सरकता साचते. माझे बरेच वाढलेले निघाले. मात्र मूत्रपिंड मंदावले असले तरी ते वाढते, म्हणून क्रिॲटिनिन शेजारी ठेवूनच ते वाचायचे. होमोसिस्टीनही वाढते, पण ते फोलेटच्या कमतरतेनेही वाढत असल्याने एकटे पुरेसे नाही.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ चांगले असे नाही. फॉलिक ॲसिड भरपूर मिळाले तर रक्त सुधारते, आणि तंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. अमेरिकेत तर १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड घातले जाते. दुसरी, केस व नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असते आणि त्याने थायरॉइडसह अनेक रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात. येथील एफडीएने २०१७ साली तसा इशारा दिला आहे. रक्त देण्यापूर्वी चालू असलेल्या सर्व बाटल्यांची यादी डॉक्टरांना द्यावी. तिसरी, तंतूंचा वेग मोजणारी विजेची चाचणी जाड तारांचीच परीक्षा घेते. आग आणि वेदना वाहणारे बारीक तंतू बिघडले असतील तर ती निर्दोष येऊ शकते. त्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात.

गोळी, इंजेक्शन आणि अतिरेक

कमतरता ठरली की उपचार स्वस्त आहे. लक्षणे तंतूंची असतील तर डॉक्टर बहुधा १००० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनांनी सुरुवात करतात. पुढे अनेकांना तेवढ्याच मात्रेची रोजची गोळी चालते. इंट्रिन्सिक फॅक्टर नसतानाही मोठ्या मात्रेचा सुमारे एक टक्का आपोआप झिरपतो. म्हणजे १००० पैकी १० मायक्रोग्रॅम, आणि आपल्याला हवे २.४! सायनो की मिथाइल या वादात फार अडकू नये. योग्य मात्रेत, नियमित घेणे आणि परत तपासणे महत्त्वाचे.

बी-१२ जास्त झाले तरी सहसा अपाय करत नाही, म्हणून सगळीच बी जीवनसत्त्वे निर्धोक असा समज आहे. तो चुकीचा आहे. बी-६ चा अतिरेक स्वतःच न्यूरॉपथी निर्माण करतो. रोज काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात रुग्णांची हकीकत १९८३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पायांच्या संवेदना जाऊन त्यांना धड चालता येईना. आपली रोजची गरज १.३ ते १.७ मिलिग्रॅम. अमेरिकेतली कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली ती १२ वर आणली. 'नसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवरील लेबल वाचून पाहा. मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स आणि नसांची गोळी अशा तिन्ही एकदम घेणाऱ्याने बेरीज करावीच. मुंग्या घालवायला घेतलेली गोळीच मुंग्या आणत असेल, तर दुप्पट घेऊन काय होणार?

ताटात काय हवे

एक कप दुधात सुमारे १.३ मायक्रोग्रॅम बी-१२ असते, एका अंड्यात सुमारे ०.५. दोन कप दूध-दही रोज खरोखर पोटात जात असेल आणि शोषण ठीक असेल, तर गरज भागू शकते. पण चहात घातलेले दोन चमचे दूध हा 'दुधाचा आहार' नव्हे. इडली, ढोकळा आंबवलेले असले तरी बी-१२ चा भरवसा त्यांवर ठेवू नये. स्पिरुलिनातले बरेचसे बी-१२ आपल्या शरीराला न वापरता येणाऱ्या रूपातले असते. शाकाहाऱ्यांनी बी-१२ घातलेले सीरियल किंवा सोया दूध लेबल पाहून घ्यावे. दूधही वर्ज्य असेल तर गोळीला पर्याय नाही.

साखरेचे पथ्य जोडीला हवेच. भात-पोळी कमी करून उसळ, भाजी, कोशिंबीर वाढवावी, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे. डॉक्टरांना न विचारता मेटफॉर्मिन बंद करू नये. ते चांगले औषध आहे. बी-१२ अधूनमधून तपासले की झाले. आणि बधिर पाय रोज डोळ्यांनी पाहावेत, कारण लागलेले त्यांना कळत नाही.

मुंग्या किंवा अशक्तपणा काही दिवसांतच झपाट्याने वर चढत असेल, चेहरा वाकडा होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर हा लेख बाजूला ठेवून तडक इमर्जन्सी गाठावी.

आईच्या सपाता

माझे निदान झाले त्याच उन्हाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे आली. वय ७४. एक दिवस ती स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली तेव्हा तिच्या एकाच पायात सपाता होती. दुसरी दारातच राहिली होती, आणि ते तिला कळलेच नव्हते. मग लक्षात आले की ती भिंतीला हात लावून चालते, आणि अंधारात तर उठतच नाही. "वय झालं रे आता," ती म्हणाली. आम्हा सर्वांनाही दोन वर्षे तसेच वाटत होते. तिकडे दरवर्षी तिची तपासणी होत होती, पण त्यात बी-१२ नव्हते. रक्तवाढीच्या फॉलिक ॲसिडयुक्त गोळ्यांमुळे हिमोग्लोबिन छान होते, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. बी-१२ निघाले ११०. कमतरता मज्जारज्जूपर्यंत पोचली होती.

माझ्या मुंग्या आठ-नऊ महिन्यांत बऱ्याचशा ओसरल्या. तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. आईच्या तळव्यांची आग थांबली, मन लावून पेपर वाचू लागली, पण चालताना काठी लागते ती लागतेच. दोन वर्षे आधी एक तपासणी झाली असती तर कदाचित ती लागली नसती.

येत्या डिसेंबरात आपल्यापैकी अनेकजण घरी जातील. आई-वडिलांसाठी बदाम आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या बॅगेत भरालच. त्याआधी एवढे करा : त्यांना फोनवर विचारा, पायांना मुंग्या येतात का, सपाता निसटते का, आणि शेवटचे बी-१२ कधी तपासले होते. स्वतःलाही हाच प्रश्न विचारा. उत्तर 'आठवत नाही' असे आले, तर बाटली उघडू नका. आधी रक्त द्या.