जिद्द सगळ्यांकडे असते, हिशोब नसतो

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर पंधरा जण समुद्रात उतरले. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या जोडप्याने तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवशी सलग करायचा घाट घातला होता. आधी ३.८ किलोमीटर पोहणं, मग १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. सायकल संपली तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता जॉन डनबार. पण धावताना त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बियर पाजली. गॉर्डन हॉलर त्याला मागे टाकून ११ तास ४६ मिनिटांत पोहोचला आणि पहिला आयर्नमॅन ठरला. पंधरापैकी बारा जणांनी शर्यत पुरी केली.

माझ्याकडे कोणी नवीन आलं, की मी आधी ही गोष्ट सांगते. डनबार नौदलातला कमांडो. त्याच्या जिद्दीबद्दल शंका घ्यायची कोणाची छाती आहे? कमी पडलं ते पाणी.

मी कोल्हापुरात मोठ्या माणसांना पोहायला, सायकल चालवायला आणि पळायला शिकवते. शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले, गुजरीतले सराफ, डॉक्टर, शिक्षिका अशी मंडळी येतात. बहुतेक चाळिशी ओलांडलेली. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये, झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत केली, ते यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पुण्याच्या कौस्तुभ राडकरांनी जगभर केलेल्या शर्यतींची यादी काहींना पाठ असते. आल्या आल्या म्हणतात, ‘मॅडम, गोवा करायचंय.’

गोवा म्हणजे मिरामारच्या किनाऱ्यावर होणारी अर्ध्या अंतराची आयर्नमॅन. २०१९ मध्ये ती पहिल्यांदा झाली, मधली दोन वर्षं कोरोनात गेली आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. यापेक्षा लहान अंतरंही आहेत. ऑलिंपिकमध्ये २००० च्या सिडनीपासून १.५, ४० आणि १० किलोमीटरची ट्रायथलॉन होते. त्याच्या निम्मी ती स्प्रिंट.

आधी कागद-पेन

पहिल्या दिवशी मी कुणाला पळवत नाही. कागदावर गणित करायला लावते. शंभर मीटर पोहायला अडीच मिनिटं लागत असतील, तर पोहणं साधारण ४८ मिनिटांत संपेल. ताशी २८ किलोमीटरच्या वेगाने सायकलला सव्वातीन तास. किलोमीटरला सात मिनिटं धरली, तर पळायला अडीच तासांच्या आत. कपडे-बूट बदलायला दहा-बारा मिनिटं. बेरीज पावणेसात तासांच्या आसपास येते. म्हणजे पावणेदोन तास हातात राहतात. हे वेग काही अचाट नाहीत. नियमित सराव करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला जमण्याजोगे आहेत. एवढं दिसलं, की समोरच्याचे खांदे जरा सैल होतात.

पण याच कागदावर अडचणही दिसते. पोहण्यासाठी ७० मिनिटांची मुदत असते. ती ओलांडली, की माणसाला तिथेच थांबवतात. शंभर मीटरला साडेतीन मिनिटं लागत असतील, तर तुम्ही जेमतेम काठावर आहात. लाटा, गर्दी आणि वाकडंतिकडं पोहून वाढलेलं अंतर धरलं, तर काठाच्या पलीकडे.

पोहणं येतं, पण कसं येतं?

कोल्हापुरात ‘पोहायला येतं का?’ असं विचारलं, की लोकांना राग येतो. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली, पंचगंगेच्या घाटावरून सूर मारलेली ही माणसं. पाण्याची भीती यांना नसते, आणि ती फार मोठी जमेची बाजू आहे. पण सगळे डोकं वर काढून पोहतात. डोकं वर आलं, की कंबर खाली जाते आणि निम्मी ताकद शरीर तरंगतं ठेवण्यातच संपते. त्यामुळे पहिले काही आठवडे आम्ही एकच गोष्ट घोटतो: तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडायचा. संथ, पूर्ण, बुडबुडे काढत. दम लागतो तो बहुधा हवा कमी पडल्याने नव्हे, तर आतली बाहेर न सोडल्याने.

पोहण्याचा टँक पाठ असलेला माणूसही तलावात पहिल्या दिवशी गांगरतो. तळाला काळी रेघ नसते, टेकायला भिंत नसते. राजाराम तलावात सरावाला उतरलो, की दर आठ-दहा हातांमागे डोळे पाण्याच्या जरा वर काढून समोरचं झाड पाहायला शिकवते. असं न पाहणारा गडी शंभर मीटरमध्येच कुठल्या कुठे भरकटतो. तलावात एकट्याने उतरायचं नाही आणि पाठीमागे भडक रंगाचा फुगा बांधल्याशिवाय तर नाहीच, हा आमचा नियम. शर्यतीआधी एकदा तरी मालवण किंवा वेंगुर्ल्याला जाऊन खाऱ्या पाण्याची आणि लाटांची ओळख करून घ्यावी लागते. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं हा फायदा. तोंडात गेलेलं पाणी पोट ढवळतं हा तोटा.

सावकाश जायला शिका

धावण्यात आणि सायकलमध्ये लोकांना सगळ्यात जड काय जात असेल, तर सावकाश जाणं. मोठ्या अंतराचे उत्तम खेळाडू आपली साधारण ८० टक्के सत्रं हलक्या वेगात करतात, असं स्टीफन सायलर या अभ्यासकाने दाखवून दिलं. हलका वेग म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. या वेगात हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि चरबी जाळून चालण्याची शरीराची क्षमता वाढते. आमची मंडळी मात्र रोज शर्यत करतात. वाघबीळच्या चढाला कोणी पुढे गेलं, की लगेच इरेला पेटतात. मग हलकी सत्रं हलकी राहत नाहीत आणि आठवड्यातलं एखादं खरंखुरं कष्टाचं सत्र करायला अंगात जोर उरत नाही.

सावकाश जाण्याचं दुसरं कारण हाडांचं आणि स्नायूबंधांचं. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध घट्ट व्हायला महिने लागतात. छाती म्हणते पळ आणि नडगी म्हणते थांब, अशी गत होते. त्यामुळे पळायचं अंतर वाढवताना मी फार कंजूष असते. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा कमी कामाचा ठेवते आणि आठवड्यातून दोनदा बैठका, लंजेस, पिंडऱ्यांचे व्यायाम करून घेते. सगळं मिळून आठवड्याला आठ ते दहा तास पुरतात.

सायकलवरून उतरून लगेच पळायचं, याला आमच्याकडे ‘ब्रिक’ म्हणतात. फाउंड्रीवाल्या एका दादांचा पहिला ब्रिक मला पाठ आहे. दोन तास सायकल मारून आले, बूट बदलले, चार पावलं टाकली आणि थबकले. ‘मॅडम, पाय कुठं गेले ओ माझे?’ मी म्हटलं, ‘जागेवरच आहेत. बारकी पावलं टाका, दहा मिनिटांत सापडतील.’ सायकलवर पाय एका ठरावीक गोलात फिरत असतात आणि कंबर वाकलेली असते. उतरल्यावर शरीराला दुसरी चाल पकडायला वेळ लागतो. तो अनुभव आधी घेतलेला असला, की शर्यतीत माणूस घाबरत नाही.

घाम मोजायचा

आमच्या कट्ट्यावर एक वजनकाटा असतो. लांबच्या राइडआधी वजन करायचं, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करायचं. याच दादांचं वजन ऑक्टोबरच्या एका सकाळी निघताना ८२ किलो होतं. तीन तासांनी ७९.६. मधे दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर पाणी प्यायलेलं. गेलेला घाम ३.९ लिटर, म्हणजे तासाला १.३ लिटर. काट्यावरचा आकडा पाहून ते गप्पच झाले. ‘भट्टीपुढं उभं राहून सवय आहे’ असं रोज म्हणायचे. सवय होती हे खरं. म्हणूनच घाम भरपूर येत होता.

गेलेलं सगळं पाणी भरून काढायची गरज नसते, ते शक्यही नसतं. पण किती जातंय हे ठाऊक हवं. नुसतं पाणी ढोसणं तर धोक्याचं. घामातून मीठही जातं. वर नुसतं पाणी ओतलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. जिवावरही बेतू शकतं. म्हणून बाटलीत मीठ-साखर-लिंबू हवंच.

गोव्यात तर हवा दमट. घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. उष्णतेला सरावायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. कोल्हापूरच्या पहाटेच्या गारव्यात वर्षभर सराव केलेल्यांना मी शेवटच्या पंधरवड्यात काही सत्रं मुद्दाम ऊन चढल्यावर देते.

खुराक सायकलवर

तालमींच्या गावात खुराकाबद्दल मी काय सांगणार? दूध, बदाम, मटण सगळं ठाऊक आहे. पण तो खुराक मेहनतीनंतरचा. इथे मेहनत चालू असतानाच खावं लागतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर साधारण दीड ते दोन हजार कॅलरींची. शर्यतीत तासाला पाचशे ते सातशे कॅलरी सहज जळतात. सहा-सात तासांचा हिशोब तुम्हीच करा. चरबी मुबलक असते, पण ती सावकाश जळते. साठा संपला, की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पाय उचलत नाहीत.

म्हणून तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. महागडी जेलच हवीत असं नाही. साध्या साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं. आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या असल्याने दोन्ही मिळून जास्त शोषली जातात. एक मध्यम केळं सुमारे २५ ग्रॅम देतं, सहा साधे खजूर ३५ ग्रॅमच्या आसपास. मीठ लावलेला उकडलेला बटाटा तोंडाला चव आणतो. अट एकच: जे शर्यतीत खायचं, ते आधी सरावात खाऊन पाहायचं. पोटालाही सराव लागतो. अंग दुखतंय म्हणून पळता पळता वेदनाशामक गोळी घेणं मात्र बिलकुल बंद. पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

झोप कोणाची?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. पुरुष मंडळी पहाटे साडेचारला सायकल काढतात, आठला परततात आणि गरम नाश्ता मिळतो. एखाद्या शिक्षिकेला तोच सराव करायचा तर साडेतीनला उठून डबे करावे लागतात. सराव अंगी लागतो तो झोपेत. रोज सात तास झोप नसेल, तर आठवड्याचा आठ तासांचा सराव नुसती दमछाक ठरतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या घरच्यांना एकदा बोलावते आणि स्वयंपाकाच्या पाळ्या कागदावर लिहून घेते. काही सासूबाई सुरुवातीला नाक मुरडतात, पण लिहिलेलं पाळलं जातं. बायकांना हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्यायलाही सांगते. लोह कमी असेल, तर कितीही सराव करा, दम वाढत नाही आणि त्या बिचाऱ्या स्वतःलाच आळशी ठरवतात.

चाळिशीपुढच्या प्रत्येकाने, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी, डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय मी सराव सुरू करत नाही. ताप असताना व्यायाम नाही. छातीत दडपलं तर त्याच क्षणी थांबायचं. इथे जिद्द दाखवणाऱ्याला मी गटातून सरळ बाहेर काढते.

हे वाचून कोणाला हुरूप आला असेल, तर एक विनंती. सवलतीची मुदत संपते म्हणून घाईने फॉर्म भरू नका. आधी घरच्यांसोबत बसा आणि सहा-आठ महिने आठवड्याला आठ तास खरोखर निघतील का, ते लिहून काढा. निघत असतील, तर तपासणी करून घ्या, मग पोहण्याच्या क्लासला नाव घाला आणि पहिली शर्यत स्प्रिंटची करा: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. सायकल जुनी चालेल, हेल्मेट मात्र नवं घ्या.