रोमन सैनिकाचीं चित्रें आणि त्यांची पारख

रोमन सैनिक म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक मूर्ति उभी राहते. डोक्यावर तुरेदार शिरस्त्राण, छातीवर लोखंडी पट्ट्यांचें चिलखत, हातांत मोठी चौकोनी ढाल, अंगांत तांबडा अंगरखा आणि मनगटावर चामड्याचा रुंद पट्टा. ही मूर्ति आपल्याला कोणीं दिली? रोमन साम्राज्याचा व्यापार आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोंचला होता. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडींत सांपडलेल्या रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तु त्याची साक्ष देतात. परंतु रोमन फौज इकडे कधीं आली नाहीं. तिची आपली सारी ओळख पुस्तकांतील चित्रांवरून आणि चित्रपटांवरून झालेली आहे. चित्रपट आपण सोडून देऊं. मनगटावरचा तो चामडी पट्टा मुख्यतः त्यांचीच देणगी आहे, रोमन शिपाई तो सर्रास वापरीत असे म्हणावयास आधार नाहीं. पुस्तकांची गोष्ट निराळी. त्यांवर विश्वास ठेवून शिक्षक धडा सांगतात, विद्यार्थी वहींत चित्रें उतरवून घेतात, नाटकमंडळ्या पोशाख शिवतात आणि ग्रंथालयें आपल्या तुटपुंज्या रकमेंतून तीं महागडीं पुस्तकें विकत घेतात. अशा पुस्तकाची पारख तज्ज्ञ नसलेल्या माणसानें कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

रोमन शस्त्रसामग्रीविषयीं जें कांहीं कळतें तें तीन वाटांनीं कळतें: जमिनींतून निघालेल्या प्रत्यक्ष वस्तु, दगडांतील शिल्पें आणि प्राचीन लेखकांचे ग्रंथ. ह्या तिन्ही वाटा मधेंच तुटतात. लोखंड गंजतें, चामडें व कापड कुजून जातें. शिल्पकाराला सौंदर्य हवें असतें, तपशील नको असतो. आणि लेखक आपल्या वाचकाला जें ठाऊकच आहे तें लिहीत नाहीं. असा तुटक पुरावा हातीं घेऊन ग्रंथकार बसला, तर 'येथें माहिती मिळत नाहीं' असें लिहून त्याला पुढें जातां येतें. चित्रकाराला ही सोय नाहीं! पायांत काय होतें हें ठाऊक नाहीं म्हणून सैनिकाला गुडघ्याखालीं कोरा ठेवतां येत नाहीं. त्याला पायताण द्यावेंच लागतें, रंग द्यावाच लागतो, आणि एकदां रंग दिला कीं निश्चित ठाऊक असलेली वस्तु व अंदाजानें घातलेली वस्तु सारख्याच चकचकीत दिसूं लागतात. म्हणून सचित्र ग्रंथाची परीक्षा चित्र किती सुंदर आहे ह्यावर करूं नये. चित्रांतील कोणता भाग सांपडलेला आहे आणि कोणता कल्पिलेला आहे, हें तो ग्रंथ कोठें तरी सांगतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

पट्ट्यांच्या चिलखताचीच हकीकत घ्या, कारण ह्या विषयाची बहुतेक खाचखळगी तींत आली आहेत. सर्व पुस्तकांत त्याला 'लोरिका सेग्मेंटाटा' असें भारदस्त लॅटिन नांव दिलेलें असतें. हें नांव रोमन लोकांचें नव्हे. तें फार पुढच्या काळांतील विद्वानांनीं बनविलेलें आहे. रोमन शिपाई त्याला काय म्हणत असे हें आपल्याला माहीत नाहीं. जें पुस्तक एवढी गोष्ट एका वाक्यांत कबूल करतें, त्याच्याविषयीं माझें मत तेथेंच थोडें चांगलें होतें. दीर्घकाळ ह्या चिलखताचें ज्ञान मुख्यतः रोम शहरांतील ट्राजन बादशहाच्या स्तंभावरून होत असे. इ. स. ११३ मध्यें पुरा झालेल्या ह्या स्तंभावर डेशियन युद्धांची कथा सुमारें २०० मीटर लांबीच्या शिल्पपट्टींत वेटोळीं घेत वर चढत गेली आहे, आणि तींत अडीच हजारांच्या आसपास मनुष्याकृति आहेत. शिल्पकारानें चिलखताचे पट्टे स्पष्ट कोरले. पण ते एकमेकांना जोडले कसे आणि त्यांच्या आंत काय होतें, हें दगड सांगत नाहीं. जुने चित्रकार मग चामड्याच्या बंडीवर लोखंडी पट्टे ठोकून मोकळे होत.

१९६४ सालीं उत्तर इंग्लंडांत, हेड्रियनच्या तटबंदीजवळ कॉर्ब्रिज येथें, उत्खननांत एक लोखंडी पट्ट्या मारलेली लांकडी पेटी सांपडली. तींत इतर सामानाबरोबर ह्या जातीच्या चिलखतांचे भाग होते. लोखंड गंजून गेलें होतें. परंतु पत्र्यांचा क्रम, पितळी बिजागऱ्या, बकलें आणि खिळे ह्यांच्या जागा कळत होत्या. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे एच. रसेल रॉबिन्सन यांनीं त्यांवरून नवी जुळणी करून दाखविली. बंडी नव्हतीच. पट्टे आंतल्या बाजूनें चामड्याच्या वाद्यांनीं एकमेकांस बांधलेले होते, त्यामुळें चिलखत अंगाबरोबर हलत असे आणि काढून ठेवतांना पट्टे एकांत एक बसत. रॉबिन्सन यांचा शाही रोमच्या चिलखतांवरील ग्रंथ १९७५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या अलीकडचीं व पलीकडचीं पुस्तकें असे दोन सरळ भाग पडले. म्हणून पुस्तक हातीं घेतांच आधीं सालाचें पान उघडावें. तेथेंहि जपून, पुष्कळ पुस्तकांवर पुनर्मुद्रणाचें साल ठळक असतें आणि आंतील चित्रें तीस-चाळीस वर्षांपूर्वींचीं असतात. मूळ आवृत्तीचें साल कोणतें, हें शोधून काढावें.

रॉबिन्सन यांचा शब्दहि अखेरचा ठरला नाहीं. हें चिलखत क्लॉडियस बादशहाच्या सुमारास, म्हणजे पहिल्या शतकाच्या मध्यास आलें असावें, असा समज पूर्वीं होता. जर्मनींत काल्क्रीज येथें, जी जागा बहुतेक विद्वान इ. स. ९ मधील वारुसच्या पराभवाची रणभूमि मानतात, तेथें त्याचे भाग मिळाले आणि तो समज मागें पडला. २०१८ सालीं तर तेथें जवळजवळ संपूर्ण असें एक चिलखत सांपडलें, आणि तेंच आज ह्या जातीचें सर्वांत जुनें ठरतें. तेव्हां ऑगस्टसच्या सैनिकाला पट्ट्यांचें चिलखत घातलेलें दिसलें तर चित्रकार चुकला असें म्हणण्याची घाई आतां करतां येणार नाहीं. जुन्या टीकाकारांचे दोष काढणेंहि असें कधीं कधीं जुनें होतें.

आतां शिल्पांकडे वळूं. ट्राजनच्या स्तंभावर नागरिक सैनिक, म्हणजे लेजनचे शिपाई, बहुतेक सर्व पट्ट्यांच्या चिलखतांत आहेत आणि साहाय्यक पलटणींतील शिपाई कड्यांच्या चिलखतांत. हा भेद इतका नीटनेटका आहे कीं संशय यावा. त्याच युद्धांचें दुसरें स्मारक रुमानियांत ॲडमक्लिसी येथें आहे, तें इ. स. १०९ मधील. त्याची कारागिरी ओबडधोबड आहे, पण रणक्षेत्राच्या जवळच्या प्रदेशांत तें उभें राहिलें. तेथें लेजनचे शिपाई कड्यांच्या व खवल्यांच्या चिलखतांत दिसतात, आणि शत्रूच्या वांकड्या पात्यापासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्या उजव्या हातावर पट्ट्यांचें आवरण चढविलेलें आहे. रोमच्या कुशल कारागिरानें, दुरून पाहणाऱ्या नागरिकाला आपला शिपाई कोणता हें चटकन् ओळखतां यावें म्हणून ठराविक वेष दिला असावा. चेहरे व अंगें झांकूं नयेत म्हणून त्यानें ढालीहि लहान केल्या आहेत. हातावरचें तें आवरण कल्पित नव्हतें हें कार्लाइल येथील उत्खननांत प्रत्यक्ष वस्तूच मिळाल्यानें दिसून आलें. ह्यावरून एक सोपी कसोटी मिळते: पुस्तकाच्या सूचींत ॲडमक्लिसीचें नांव पाहावें. तें नसून ट्राजनच्या स्तंभाचे उल्लेख मात्र रांगेनें असतील, तर त्या लेखकानें दगडाला छायाचित्र मानलें आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

चामड्याच्या चिलखताचा वाद ह्यांतूनच निघतो. सैनिकांच्या थडग्यांवरील कित्येक मूर्तींचें धड गुळगुळीत आहे. त्यावर कडीं नाहींत, खवले नाहींत. जें गुळगुळीत तें चामड्याचें, असा तर्क कित्येकांनीं केला. परंतु ह्या मूर्ति मूळांत रंगविलेल्या असत, आणि चिलखताचीं कडीं कुंचल्यानें काढलेलीं असणें अगदीं शक्य आहे. रंग उडाला, कडीं गेलीं, आणि शिपायाच्या अंगावर आपण चामडें चढविलें! २००९ सालीं राफाएले द'आमातो आणि ग्रॅहॅम सम्नर यांचा, मारियस ते कॉमोडस ह्या काळावरील मोठा सचित्र ग्रंथ निघाला. त्यांत ठिकठिकाणच्या संग्रहालयांतील वस्तूंचीं छायाचित्रें विपुल आहेत, आणि तेवढ्यासाठीं तो पाहण्यासारखा आहे. मात्र शिल्पांत दिसतें तें जसेंच्या तसें खरें धरण्याकडे व चामड्याला मोठें स्थान देण्याकडे त्याचा कल आहे, आणि तो सर्वांना मान्य नाहीं. तो एकटा वाचूं नये, असें मी म्हणेन.

लेखी पुरावाहि शिल्पाशीं भांडतो. यहुदी इतिहासकार जोसीफसनें रोमन फौज आपल्या डोळ्यांनीं पाहिली होती. तो म्हणतो कीं पायदळाची लांब तलवार डाव्या बाजूस असे आणि आखूड हत्यार उजवीकडे. शिल्पांत मात्र साधा शिपाई तलवार उजवीकडे लावतो, आणि डावीकडे लावतो तो शतकाधिपति. ह्या विसंगतीचा नुसता उल्लेख करणारें पुस्तकहि मला प्रामाणिक वाटतें. तलवारीच्या पात्याकडेहि पाहावें. लांब टोंकाचें व मध्यें किंचित् अरुंद झालेलें पातें तें माइन्झ जातीचें. टिबेरियसची म्हणून ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेली तलवार ह्या जातीची. सरळ समांतर धारांचें, आखूड टोंकाचें पातें तें पाँपेई जातीचें, आणि तें मागाहूनचें. ऑगस्टसच्या शिपायाच्या कमरेला पाँपेई जातीची तलवार असेल तर चित्रकारानें वस्तु एका कपाटांतून घेतली आणि माणूस दुसऱ्या कपाटांतून.

ढालीची अशीच फसगत होते. रोमन लेजनची वांकविलेली चौकोनी ढाल, लांकडासह व रंगासह जवळजवळ पुरी अशी, एकच शिल्लक आहे. ती सिरियांतील ड्यूरा-युरोपोस येथें सांपडली व आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. ती एक मीटरहून थोडी अधिक उंच आहे. पातळ लांकडी पट्ट्यांचे थर आडवेउभे चिकटवून ती केलेली आहे, आणि तिच्यावर गरुड, सिंह व विजयदेवता रंगविल्या आहेत. पण ती तिसऱ्या शतकाच्या मध्याची, त्या नगराला पडलेल्या इराणी वेढ्याच्या काळांतील आहे. तिचींच चित्रें सीझरच्या शिपायाच्या ढालीवर उमटलेलीं आढळलीं, तर तीनशें वर्षांची चूक झाली. त्या मानानें अंगरख्याच्या रंगाविषयीं मी उदार आहें: तांबडा कीं पांढरा हा वाद विद्वानांतच मिटलेला नाहीं, म्हणून रंगावरून पुस्तक नापास करूं नये. 'सर्व रोमन सैनिक तांबडाच अंगरखा घालीत' असें वाक्य मात्र खुशाल खोडावें.

चांगला नमुना पाहावयाचा असेल तर पीटर कॉनोली यांचीं पुस्तकें पाहावींत. १९८१ च्या त्यांच्या ग्रीस व रोम यांच्या युद्धकलेवरील ग्रंथांत रंगीत सैनिकाच्या जवळच प्रत्यक्ष सांपडलेल्या वस्तूंच्या आकृत्या दिलेल्या आहेत. शिरस्त्राणाला गाल झांकणारे पत्रे कोठून आले हें वाचकाला तेथेंच पडताळून पाहतां येतें. ते केवळ चित्रकार नव्हते. चार शिंगांचें रोमन खोगीर त्यांनीं तयार करविलें, आणि रिकीब नसतांना स्वार घोड्यावर कसा टिकून राहत असे हें प्रत्यक्ष घोड्यावर बसून पाहण्यांत आलें. इंग्लंडांतील 'अर्मिन स्ट्रीट गार्ड' ही हौशी मंडळी १९७२ पासून असेंच करीत आली आहे. चिलखत दिवसभर अंगावर वागविलें कीं कोणती बिजागरी आधीं तुटते हें कळतें. अशा प्रयोगांनीं 'असें शक्य आहे' एवढें सिद्ध होतें, 'असेंच होतें' हें होत नाहीं. पण कागदावर छान दिसणाऱ्या कित्येक कल्पना त्यांनीं निकालांत काढल्या.

ऑस्प्रे कंपनीचीं पातळ पुस्तकें सर्वांत अधिक खपतात. त्यांतील रंगीत पानें पाहून पुस्तक मिटूं नये. त्या पानांचें स्पष्टीकरण स्वतंत्र छापलेलें असतें, बहुधा शेवटीं, आणि पुस्तकाचा खरा कस तेथें लागतो. 'हें शिरस्त्राण अमक्या नदींत सांपडलें, अमक्या संग्रहालयांत आहे, पट्टा अमक्या थडग्यावरून घेतला' असें तेथें असेल तर पैसे वायां गेले नाहींत. नुसतें 'पहिल्या शतकांतील शिपाई' असें असेल तर तें भिंतीवर लावण्याचें चित्र समजावें.

एखाद्या शाळेला एकच पुस्तक घेणें परवडत असेल तर मी कॉनोली सुचवीन, कारण मुलें तें उघडतील. महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें बिशप व कूलस्टन यांचा रोमन शस्त्रसामग्रीवरील ग्रंथ घ्यावा, आणि तो १९९३ चा नव्हे, २००६ ची दुसरी आवृत्ति. त्यांत बहुतेक आकृत्या साध्या काळ्या रेघांच्या आहेत, दिसावयास रुक्ष आहेत. परंतु जवळ प्रमाणाची पट्टी असते आणि वस्तु कोठली हें लिहिलेलें असतें. विकत घेतांना दुकानदार दुसरें एखादें अधिक रंगीत पुस्तक पुढें करील. त्याची सूची उघडून कॉर्ब्रिज, ॲडमक्लिसी आणि ड्यूरा हीं तीन नांवें शोधावींत. पांच मिनिटांचें काम आहे.