हृद्‌डिफिब्रिलेटरचे दूरनिरीक्षण

हृदयाचा प्राणघातक तालभंग ओळखून तो विद्युत् आघाताने थांबविणारे ‘डिफिब्रिलेटर’ हे लहान साधन काही हृद्रोग्यांच्या छातीत बसविलेले असते. त्यातील नोंदी रुग्ण स्वतःच्या घरी असताना बिनतारी मार्गाने रुग्णालयाकडे पाठविणे व तेथे त्या नियमितपणे तपासणे, या पद्धतीस दूरनिरीक्षण म्हणतात. रुग्णाचे गाव व हृद्रोगतज्ञ यांत मोठे अंतर असते तेथे ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. नागपूर व त्याभोवतीचा पूर्व विदर्भ हा असाच प्रदेश आहे.

साधन व कार्य : हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात [⟶ हृदय]. निलयांचे स्नायू एकदिलाने आकुंचन न पावता विस्कळितपणे थरथरू लागले म्हणजे रक्ताभिसरण बंद पडते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि उपचार न झाल्यास काही मिनिटांत मृत्यू येतो. अशा रुग्णाच्या शरीरातच सज्ज राहील असे साधन अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे मिशेल मिरोव्हस्की व त्यांचे सहकारी यांनी तयार केले. ते प्रथम ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मानवी शरीरात बसविण्यात आले. १९८५ मध्ये अमेरिकी शासनाने त्याच्या सर्वसाधारण वापरास मान्यता दिली.

विद्युत् घट, विद्युत् धारित्र व सूक्ष्म संगणक असलेली टिटॅनियमची डबी बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत ठेवतात आणि तिच्यापासून निघालेली तार शिरेतून उजव्या निलयापर्यंत नेतात. ताल बिघडल्यास साधन काही प्रसंगी जलद व सौम्य स्पंदने देऊन तो सुधारते, अन्यथा सुमारे ३५ ते ४० ज्यूलपर्यंतचा आघात देते. हा निर्णय साधन स्वतःच घेते. दूरनिरीक्षणाने दुरून आघात दिला जात नाही. साधनाची मांडणी बदलावयाची झाल्यासही प्रचलित पद्धतीत रुग्णास रुग्णालयात यावे लागते.

नोंदींचे प्रेषण : हृद्‌गतिकारकाची (पेसमेकरची) तपासणी दूरध्वनीवरून करण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. रुग्णाने काहीही न करता नोंदी आपोआप पाठविणाऱ्या यंत्रणेस अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या खाटेजवळ ठेवलेला प्रेषक साधनातील माहिती बहुधा रात्री ग्रहण करतो व मोबाइल जाळ्यामार्फत पुढे पाठवितो. शरीरातील साधनांशी अशा संपर्कासाठी ४०२ ते ४०५ मेगॅहर्ट्‌झ हा कंप्रतापट्टा राखलेला आहे. अलीकडील काही साधने ब्लूटूथद्वारा रुग्णाच्या मोबाइल फोनशी जोडली जातात.

पाठविलेल्या माहितीत घटाची शिल्लक शक्ती, तारेचा विद्युत् संरोध, तालभंगांच्या आलेखांच्या नोंदी, दिलेले आघात व रुग्णाची दैनंदिन हालचाल यांचा समावेश असतो. तार आतून तुटू लागली म्हणजे निर्माण होणारे खोटे संकेत साधनास तालभंग वाटतात व पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णास निष्कारण, अत्यंत वेदनादायक आघात बसतात. संरोधातील बदल व या संकेतांच्या नोंदी पुष्कळदा आधीच दिसतात. तीन वा सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीपर्यंत त्या अज्ञात राहतात, दूरनिरीक्षणात त्या काही दिवसांत कळू शकतात.

परिणामकारकता : अमेरिकेत १,३३९ रुग्णांवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दूरनिरीक्षणामुळे रुग्णालयातील तपासण्या सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्या व सुरक्षिततेत उणीव आढळली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदय दुर्बल झालेल्या ६६४ रुग्णांवरील चाचणीत एका वर्षात दूरनिरीक्षणाखालील गटात १०, तर दुसऱ्या गटात २७ मृत्यू झाले. याउलट इंग्लंडमधील १,६५० रुग्णांच्या चाचणीत (२०१७) मृत्यू व रुग्णालयातील दाखले यांत फरक दिसला नाही. पहिल्या दोन चाचण्यांत माहिती दररोज आपोआप येत होती, तर इंग्लंडमध्ये ती आठवड्यातून एकदा घेतली जाई. माहिती किती वेळा येते व तिच्यावर किती तत्परतेने कृती होते, यावर लाभ अवलंबून असावा, असे यावरून दिसते.

विदर्भातील परिस्थिती : नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४७) व त्यास संलग्न अतिविशेषोपचार रुग्णालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (२०१८) आणि अनेक खाजगी हृद्रोग रुग्णालये आहेत. तेथे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट येथूनही रुग्ण येतात. चंद्रपूर नागपूरपासून सुमारे १५० किमी., तर गडचिरोली सुमारे १७० किमी. दूर असून भामरागड, एटापल्ली यांसारखे तालुके त्याहूनही बरेच पलीकडे आहेत. तेथील रुग्णास पंधरा मिनिटांच्या तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी व सोबतच्या माणसाचा प्रवासखर्च सोसावा लागतो. त्यामुळे तपासण्या चुकतात.

तथापि ज्या गावांना या सोयीची गरज अधिक, तेथेच मोबाइल जाळे विरळ व वीजपुरवठा अनिश्चित असतो. संपर्क तुटला तरी नोंदी साधनातच राहतात व पुन्हा संपर्क झाल्यावर पाठविल्या जातात, परंतु दरम्यानचा विलंब धोक्याचा ठरू शकतो. साधनाची किंमत काही लक्ष रुपये असते. प्रेषक व सेवेचा खर्च कोण सोसणार, हे आधीच स्पष्ट असणे आवश्यक आहे.

मर्यादा व दक्षता : दूरनिरीक्षण ही तातडीची सेवा नव्हे. नोंद मध्यरात्री पोहोचली, तरी ती कोणी त्याच क्षणी पाहील असे नाही. एक आघात बसून नंतर बरे वाटत असल्यास रुग्णालयास लवकर कळवावे. एका दिवसात दोन वा अधिक आघात बसल्यास, अथवा शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे असल्यास प्रेषकावर विसंबून न राहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. या सूचना रुग्णास व घरच्या मंडळींना मराठी, हिंदी वा गोंडी अशा त्यांच्या भाषेत समजावून देणे उपचाराचाच भाग होय.

बिनतारी संपर्कात अनधिकृत हस्तक्षेपाची शक्यता असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये एका घरगुती प्रेषकाबाबत असा इशारा दिला होता व दोष दुरुस्त करण्यात आला. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये अधिनियम संमत झाला आहे. नोंदी कोण पाहतो, किती वेळात पाहतो व रुग्णास कोण कळवितो, हे रुग्णालयाने लेखी ठरवून देणे इष्ट असते. ही व्यवस्था नसेल, तर नोंदी पोहोचतात, पण रुग्णापर्यंत मदत पोहोचत नाही.