शुद्ध सूर आणि त्यातील भेसळ

सभेत दोन तऱ्हांचे अडथळे येतात : कोपऱ्यातली एखादी शिट्टी आणि सभागृहभर पसरलेली कुजबुज. क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या आंदोलकाचेही तसेच आहे. 50 हर्ट्‌झच्या विजेची गुणगुण त्यात शिरली, म्हणजे मूळ कंपनाच्या दोन्ही बाजूंना 50 हर्ट्‌झच्या अंतरावर उपरे सूर उमटतात. शिट्टीवाला हुडकता येतो, तसा यांचा उगमही सापडतो. गोंगाट मात्र पुष्कळसा पदार्थातील उष्णतेतूनच उपजतो. तो कमी होतो, नाहीसा होत नाही. 5 मेगाहर्ट्‌झचे कंपन वीसपट करून 100 केले, की कलाकोनातील थरथरही वीसपट आणि गोंगाटाची शक्ती चारशेपट होते. रेडिओत बलवान केंद्राशेजारचे दुबळे केंद्र त्यात बुडून जाते. दुबळ्याचा आवाज ऐकू यायचा, तर शुद्धी मुळातच हवी.